लोकवर्गणीतून कक्षेत: हौशी रेडिओ उपग्रहांचा इतिहास

१/
२३ मे १९८०. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण ‘आरियान’ दुसऱ्या चाचणी उड्डाणासाठी झेपावला. त्याच्यावर सुमारे ९० किलो वजनाचा एक उपग्रह होता. तो कोणत्याही सरकारचा नव्हता, कोणत्याही कंपनीचाही नव्हता. अनेक देशांतील हौशी रेडिओचालकांनी वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी राबून तो बांधला होता. पहिल्या टप्प्यातील एका इंजिनात बिघाड झाला आणि काही मिनिटांतच सारे अटलांटिक महासागरात कोसळले.

२/
वर्गणीदारांच्या हाती काहीही उरले नाही. तरीही तीन वर्षांनी त्याच मंडळींचा पुढचा उपग्रह कक्षेत पोहोचला. लोकवर्गणीतून मंदिरे, वाचनालये, शाळा उभ्या राहिल्याचे सर्वांना ठाऊक असते. उपग्रहासाठी वर्गणी कशी जमली, ती नेमकी कशावर खर्च झाली आणि बुडाल्यावरही लोकांनी पुन्हा हात सैल का सोडला, याचा मागोवा या थ्रेडमध्ये.

३/
आधी एक मूलभूत गोष्ट. हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवतो आणि ठरावीक रेडिओपट्ट्यांवर जगभर संवाद साधतो. भारतातील त्यांच्या सांकेतिक नावांची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या सेवेतून आर्थिक लाभ घेण्यास मनाई आहे. त्यामुळे हौशी उपग्रहाचे ‘तिकीट’ विकता येत नाही. वर्गणी न देणारा परवानाधारकही तो तितक्याच हक्काने वापरतो. पाणपोईवर आलेल्या वाटसरूला ‘तू रांजणासाठी पैसे दिले होतेस का?’ असे कोणी विचारत नाही, तसेच हे.

४/
४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याची टिकटिक २० मेगाहर्ट्‌झच्या आसपास ऐकू येत असे आणि ती पकडणाऱ्यांत जगभरातील हौशी मंडळी होती. दीड वर्षाने, १९५९ मध्ये, ‘सीक्यू’ या अमेरिकी हॅम मासिकात डॉन स्टोनर यांनी कल्पना मांडली की हौशी लोकांनी स्वतःचाच उपग्रह करावा. एखादा अग्निबाण कोणाकडे शिल्लक आहे का, अशी अर्धवट थट्टेची विचारणाही त्यांनी केली. कॅलिफोर्नियातील काही हॅमनी ती थट्टा गांभीर्याने घेतली. त्यातून ‘प्रोजेक्ट ऑस्कर’ जन्माला आला.

५/
या मंडळींपैकी काहींची नोकरी अवकाश आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांतच होती. अग्निबाण संतुलित राहावा म्हणून त्यावर अनेकदा निरुपयोगी वजने बसवली जातात, हे त्यांना माहीत होते. बोटीच्या तळाशी टाकलेल्या दगडांसारखाच हा प्रकार. त्यातले एक वजन काढून त्या जागी छोटा उपग्रह ठेवला, तर मुख्य मोहिमेचे काय बिघडणार? अमेरिकी वायुदलाच्या गळी हा युक्तिवाद उतरवणे उपग्रह बांधण्याहून अवघड होते. अखेर परवानगी मिळाली.

६/
१२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून ऑस्कर-१ निघाला. वजन सुमारे साडेचार किलो. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षे झाली होती आणि घराच्या तळघरांत, गॅरेजांत जुळवलेली एक पेटी पृथ्वीभोवती फिरू लागली होती. अग्निबाणापासून तिला दूर ढकलणारी स्प्रिंग ‘सीअर्स’ या दुकानसाखळीतून विकत आणलेली होती. तिची किंमत एक डॉलर आणि काही सेंट.

७/
ऑस्कर-१ चा प्रेषक ०.१४ वॅटचा होता, म्हणजे विजेरीच्या दिव्यापेक्षाही कमी शक्तीचा. तो मोर्स लिपीत दोनच अक्षरे पाठवत असे: चार टिंबे, मग दोन टिंबे. इंग्रजीतील ‘हाय’. हौशी मंडळींच्या मोर्स बोलीत याच अक्षरांचा अर्थ ‘हसणे’ असाही होतो. उपग्रहाच्या तापमानाप्रमाणे टिंबांचा वेग बदलत असे. ऐकणाऱ्याने घड्याळ लावून ‘हाय’ मोजले की आतले तापमान कळे. बॅटरी सुमारे तीन आठवडे टिकली. २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी श्रोत्यांनी आपल्या नोंदी पाठवल्या.

८/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक प्रश्न विचारायला हवा. हा उपग्रह खरोखर ‘स्वस्त’ होता का? पेटी स्वस्त होती, प्रवास नव्हे. प्रवासाचे भाडे अमेरिकी संरक्षण खात्याने भरले होते. त्या अग्निबाणाचा मुख्य प्रवासी होता ‘डिस्कव्हरर-३६’. डिस्कव्हरर हा जगाला दाखवायचा वैज्ञानिक मुखवटा. त्यामागे ‘कोरोना’ ही छायाचित्रे घेणारी हेर-उपग्रह मोहीम होती. तिची कागदपत्रे १९९५ मध्ये खुली झाली. जगाला ‘हाय’ म्हणणारा पहिला हौशी उपग्रह शीतयुद्धातील एका हेराच्या पाठुंगळीला बसून गेला होता.

९/
९ मार्च १९६५ रोजी गेलेल्या ऑस्कर-३ ने पुढचे पाऊल टाकले. त्यात ट्रान्सपाँडर होता. जमिनीवरून आलेला क्षीण संदेश पकडायचा, वाढवायचा आणि दुसऱ्या वारंवारतेवर खाली पाठवायचा, हे त्याचे काम. त्याच्या अठरा दिवसांच्या सेवेत २२ देशांतील सुमारे हजार हौशी चालकांनी त्याचा वापर केला. व्यापारी दळणवळणाचा ‘अर्ली बर्ड’ उपग्रह त्यानंतर सुमारे चार आठवड्यांनी गेला. कंपन्यांच्या आधी हौशी लोकांनी परवानाधारक कोणालाही वापरता येईल असा दुवा आकाशात उभा केला होता.

१०/
तोवर दुसऱ्या गोलार्धात काय चालले होते? मेलबर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘ऑस्ट्रॅलिस’ नावाचा उपग्रह बांधला. अँटेनासाठी त्यांनी सुताराच्या लवचीक पोलादी मोजपट्ट्या वापरल्या. गुंडाळून ठेवाव्यात आणि कक्षेत गेल्यावर आपसूक ताठ व्हाव्यात, ही युक्ती आजही लहान उपग्रहांत दिसते. १९६७ मध्ये उपग्रह तयार झाला, पण तो न्यायचा कोणी? उपग्रह सज्ज आणि वाहन नाही, ही या इतिहासातील कायमची व्यथा येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते.

११/
३ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे ‘ॲम्सॅट’ ही संस्था स्थापन झाली. सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेने ऑस्ट्रॅलिसची तपासणी करून नासाला गळ घातली. २३ जानेवारी १९७० रोजी तो एका हवामान उपग्रहासोबत कक्षेत गेला. पुढे ऑस्कर-६ (१९७२), ऑस्कर-७ (१९७४) आणि ऑस्कर-८ (१९७८) हेही नासाच्या मोहिमांसोबतच गेले. शिक्षण, आपत्कालीन संपर्क आणि प्रयोग यांचा लाभ समाजाला होतो, म्हणून रिकामी जागा द्यावी, असा हा सौदा होता.

१२/
मात्र खालच्या कक्षेतील उपग्रह क्षितिजावर उगवतो आणि जेमतेम वीस मिनिटांत मावळतो. म्हणून ‘तिसरा टप्पा’ आखला गेला. अतिशय लांबट कक्षा घ्यायची, म्हणजे उपग्रह उंचावर रेंगाळतो आणि अर्धे जग तासन्‌तास एकमेकांशी बोलू शकते. जर्मनीत कार्ल माइन्त्सर आणि अमेरिकेत यान किंग हे या कामाचे धुरीण होते. परंतु अशा कक्षेसाठी उपग्रहालाच स्वतःची मोटर हवी, अधिक सौरघट हवेत, किरणोत्सर्गाला तोंड देणारा संगणक हवा. गॅरेजच्या खर्चात हे बसणारे नव्हते.

१३/
वर्गणीची खरी कसोटी आता लागली. संस्थेने उपग्रहाचे जणू तुकडे करून ते सभासदांपुढे ठेवले. एकेका सौरघटाचे पालकत्व घ्या, असे आवाहन झाले. संपूर्ण उपग्रह कोणाच्याच आवाक्यात नव्हता, पण एक सौरघट शाळामास्तराच्याही आवाक्यात होता. उद्योगांनी काही सुटे भाग देणगीदाखल दिले. सर्वांत मोठी देणगी मात्र कोणत्याही पावतीपुस्तकात नोंदली गेली नाही. ती होती अभियंत्यांनी फुकट दिलेल्या संध्याकाळींची.

१४/
मग आरियान कसा मिळाला? युरोपीय अवकाश संस्थेला नव्या अग्निबाणाच्या चाचण्या घ्यायच्या होत्या. चाचणी उड्डाणावर कोट्यवधींचा व्यापारी उपग्रह ठेवायला कोणी धजावत नाही. ती जागा संशोधकांना आणि हौशी मंडळींना मिळू शकते. जागा स्वस्त असण्याचे कारणच हे की धोका मोठा असतो. वर्गणीदारांनी पैशांत न भरलेले भाडे या धोक्याच्या रूपाने भरले होते. २३ मे १९८० रोजी ते वसूल झाले.

१५/
समुद्रात नेमके काय बुडाले? सौरघट, प्रेषक, मोटर. काय बुडाले नाही? आराखडे, संगणकाचे कार्यक्रम, चाचण्यांच्या नोंदी आणि हे सारे एकदा करून पाहिलेली माणसे. खासगी कंपनीत असा अपघात झाला की भागधारक हिशेब मागतात आणि अनेकदा कंपनीच मोडते. येथे वर्गणीदार आणि कारागीर एकाच वर्तुळातले होते. अपयशाचे कारण अग्निबाणात होते, आपल्या माणसांच्या कामात नव्हते, हे त्यांना तांत्रिक तपशिलासह समजत होते. दुसरी वर्गणी याच विश्वासावर उभी राहिली.

१६/
१६ जून १९८३ रोजी दुसरा प्रयत्न झाला. या वेळी अग्निबाणाने काम चोख केले, पण उपग्रह सुटा झाल्यावर त्याच्याच वरच्या टप्प्याने त्याला मागून धडक दिली! अँटेनाला इजा झाली, ठरलेली कक्षाही मिळाली नाही. तरीही ऑस्कर-१० या नावाने त्याने अनेक वर्षे खंडांना जोडले. १५ जून १९८८ रोजी आरियान-४ च्या पहिल्याच उड्डाणावर, म्हणजे पुन्हा एका चाचणीवर, ऑस्कर-१३ गेला. डिसेंबर १९९६ पर्यंत तो कक्षेत होता.

१७/
या यशाने महत्त्वाकांक्षा वाढली. ऑस्कर-४० हा सहाशे किलोहून अधिक वजनाचा महाकाय हौशी उपग्रह होता. अनेक देशांच्या संस्थांनी त्यासाठी वर्षानुवर्षे निधी जमवला. फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे स्वयंसेवकांनी त्याची जुळणी केली. १६ नोव्हेंबर २००० रोजी आरियान-५ ने तो कक्षेत नेला. १३ डिसेंबरला त्याच्या इंजिनाशी संबंधित कामकाजात अपघात झाला आणि उपग्रह मुका झाला. नाताळच्या दिवशी जमिनीवरून दिलेल्या आज्ञेने तो पुन्हा बोलू लागला, पण जायबंदी होऊनच. जानेवारी २००४ मध्ये बॅटरीने दगा दिला आणि तो कायमचा शांत झाला.

१८/
एवढा निधी एकाच टोपलीत ठेवण्याचे दिवस संपत आले होते. त्याच सुमारास बाजारही बदलला. यात एक विरोधाभास आहे. लहान उपग्रह उपयोगी पडतात, हे ज्यांनी दाखवले त्यांत हौशी मंडळी अग्रभागी होती. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाचा युओसॅट-१ (१९८१) याच परंपरेतला आणि त्याच प्रयत्नांतून लहान उपग्रह बांधणारी एक नामवंत कंपनी उभी राहिली. लहान उपग्रहांना पैसे देणारी गिऱ्हाइके मिळू लागताच अग्निबाणावरील रिकामी जागा ‘रिकामी’ राहिली नाही. तिला दर लागला. जर्मन ॲम्सॅटने आखलेल्या पुढच्या उपग्रहाला परवडणारे प्रक्षेपण अखेर मिळालेच नाही.

१९/
वाट सापडली ती आकार आणखी लहान करून. २२ जानेवारी १९९० रोजी सुमारे २३ सेंटिमीटर बाजूचे चार घनाकार हौशी उपग्रह एकाच आरियानवरून गेले होते. त्यांपैकी एक अमेरिकेतील वेबर स्टेट विद्यापीठाचा होता. तेथे काम केलेल्या बॉब ट्विग्ज यांनी पुढे स्टॅनफर्डमध्ये असताना, जॉर्डी पुइग-सुआरी यांच्यासह, १९९९ मध्ये दहा सेंटिमीटर बाजूच्या ‘क्यूबसॅट’चे प्रमाण ठरवले. माप ठरलेले असल्याने अनेक उपग्रह एकाच ठरावीक पेटीत बसू लागले आणि भाड्याची विभागणी शक्य झाली.

२०/
मग वर्गणीचे पावतीपुस्तक इंटरनेटवर गेले. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील झॅक मँचेस्टर यांनी ‘किकस्टार्टर’वर ‘किकसॅट’साठी आवाहन केले. ३१५ जणांनी मिळून सुमारे ७४ हजार डॉलर दिले. बिस्किटाएवढे १०४ चिमुकले उपग्रह एका क्यूबसॅटमधून सोडायचे, अशी योजना होती. १८ एप्रिल २०१४ रोजी किकसॅट कक्षेत गेला. पण त्याचे घड्याळ मध्येच पुन्हा शून्यावर आले आणि पोटातले उपग्रह सुटण्यापूर्वीच मे महिन्यात तो वातावरणात जळाला. मार्च २०१९ मध्ये किकसॅट-२ ने मात्र आपली चिमुकली प्रजा अवकाशात सोडली.

२१/
अमेरिकी ॲम्सॅटच्या ‘फॉक्स’ मालिकेत हीच धूपछाया दिसते. पहिला फॉक्स-१ए ऑक्टोबर २०१५ मध्ये नासाच्या शैक्षणिक योजनेतून गेला. फॉक्स-१क्लिफसाठी मात्र व्यापारी प्रक्षेपणाचे भाडे भरायचे होते आणि त्यासाठी इंटरनेटवरून निधी गोळा झाला. ३ डिसेंबर २०१८ रोजी तो इतर ६३ उपग्रहांसह कक्षेत पोहोचला. तपासणीत कळले की तो बोलतो, पण जमिनीवरचे हौशी आवाज त्याला ऐकूच येत नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने नेलेले त्याचे भावंड फॉक्स-१डी मात्र उत्तम चालले.

२२/
भारताने दुसरा मार्ग निवडला. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ नेला. इस्रोने तो ॲम्सॅट-इंडियाच्या सहकार्याने साकारला. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय, तर दुसरा विल्यम लायनार या डच अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बांधलेला. जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, जगभरच्या हौशी मंडळींनी त्याचा विनामूल्य लाभ घेतला. येथे अग्निबाणाचे भाडे भारतीय करदात्याने भरले होते आणि पाणपोई जगासाठी खुली होती.

२३/
महाराष्ट्राचेही नाव या यादीत आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीतील, विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने कक्षेत गेला. हौशी रेडिओपट्टीवर एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. हे काम विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी एकमेकांच्या हाती सोपवत नेले. ज्यांनी आरंभ केला ते प्रक्षेपणाच्या वेळी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते.

२४/
साठ वर्षांच्या या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकवर्गणीने उपग्रह बांधता येतो, पण त्याला वर न्यायचे भाडे नेहमी कोणीतरी वेगळेच भरते, नाहीतर धोका पत्करून ते चुकवावे लागते. कधी वायुदल, कधी नासा, कधी युरोपचे चाचणी उड्डाण, कधी इस्रो. २०१८ मध्ये कतारच्या दळणवळण उपग्रहावर बसवलेला हौशी ट्रान्सपाँडरही याच साखळीतला. भूस्थिर कक्षेतील तो पहिलाच हौशी ट्रान्सपाँडर असून भारतातूनही दिसतो. म्हणून ‘लोकांनी अवकाश जिंकले’ हे वाक्य अपुरे आहे. लोकांनी दर वेळी दार ठोठावले आणि दार उघडेल तेव्हा आपली पेटी तयार ठेवली, हे अधिक खरे.

२५/
शेवटी ऑस्कर-७ ची कथा. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी गेलेला २८ किलोंचा हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरीतील बिघाडाने बंद पडला. सर्वांनी त्याच्या नावापुढे पूर्णविराम दिला. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधील एका हौशी श्रोत्याला ओळखीची मोर्स टिंबे ऐकू आली. बॅटरीतील बिघाडाचे स्वरूप बदलून तिचा मार्गच तुटला होता आणि सौरघटांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली होती. तेव्हापासून तो उन्हात असला की जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपी जातो. २०२४ मध्ये त्याच्या प्रक्षेपणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हाही तो ऐकू येत होता. १९७४ च्या वर्गणीदारांपैकी कित्येकजण आज हयात नाहीत. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, असे परवानाधारक घराच्या गच्चीवर अँटेना हाती धरून त्याच्यामार्फत एकमेकांना साद घालतात.

॥ थ्रेड समाप्त ॥